हाकेला ओ

ता. ४ फेब्रुवारी, मंगळवार

चि. चिकट्यास अनेक आशीर्वाद.

अकरा वर्षांनी भावाला पत्र लिहिताना वर ‘चिरंजीव’ घालायचं की ‘रा. रा.’, हे ठरवण्यात माझा अर्धा तास गेला. शेवटी हात आपणहून जिकडे वळला ते लिहिलं. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण माझ्याइतका नाही. दुकान चालू आहे. तंबू मी आता शिवत नाही, फक्त दुरुस्त करते. बाकी दुकानांवरची कापडी छपरं आणि गाड्यांची आवरणं. इकडची खुशाली इथे संपली. आता मुद्द्याचं.

काल सकाळी दुरुस्तीच्या ढिगात एक तंबू निघाला. वरच्या चिठ्ठीवर नाव कुणा परक्या बाईचं, पण अक्षर आमच्या खारूचं, डावीकडे कललेलं. मला संशय यायला तेवढं पुरेसं होतं. मी तंबू उलटा केला आणि कोपऱ्यातली टीप पाहिली. दुहेरी दुमड, आणि दर चार बोटांवर एकदा मागे फिरून पुन्हा पुढे गेलेली. अशी टीप मी सोडून दुसरं कुणी घालत नाही, कारण दुसऱ्या कुणाला इतका वेळ नसतो. तो तुझा तंबू होता. आईला आपलं मन कळत नाही, तर शिवण काय कळणार, असं पोरीला वाटलं असावं.

आतल्या खिशात तुझ्या अक्षरातला कागद होता. मी तो वाचला आणि मशीनसमोरच्या बाकावर बसले. शेजारच्या मशीनवरची बाई पाणी देऊ का म्हणून विचारत होती, आणि मला तिचे ओठ हलताना दिसत होते, एवढंच.

संध्याकाळी खारूला समोर बसवलं. म्हणाली, दोन वर्षं झाली. दोन वर्षं दर रविवारी ती कवळ्या बनवण्याच्या जादा वर्गाला जाते असं मी समजत होते, आणि ती तुझ्याकडे सरावाच्या त्या खोट्या भिंतीवर कडे चढायला शिकत होती. आज सकाळी ती ‘येते गं’ म्हणून निघाली आणि मी नेहमीसारखं ‘हं’ म्हटलं.

कमाल आहे तुझी. जगात डोंगर काय कमी पडले? अठ्ठावीसला निघायचं, शेवटच्या पेट्रोल पंपापर्यंत बस, मग वाळवंटातून दोन दिवस पायी, तिसरा दिवस विश्रांती, आणि चौथ्या दिवशी तोच कडा. ज्या कड्यावरून पडून खारूचा बाबा गेला, तोच. तू त्याचं नावसुद्धा लिहिलं नाहीस, नुसतं ‘कडा’ लिहिलंस. जणू आपल्या घरात दुसरा कडा कुणाला माहीतच नाही. पुढे चढणार खारू. आणि दोर कोण धरणार? तिच्या दवाखान्यातली मैत्रीण, जिने दोर हातात घेतला त्याला पुरते सहा महिने झालेले नाहीत. त्याखाली तुझी ओळ: ‘मी दोर धरणार नाही.’ दोन रेघा मारून. हे कसलं शहाणपण? सगळ्यांत जुना हात तुझा, आणि तू बघ्यासारखा उभा राहणार?

बरं, यादी तरी धड करायची. माणशी पाच लिटर पाणी लिहिलंयस. मागच्या खेपेला चढाईच्या दिवशी सात लागलं होतं, आणि तेही मी प्रत्येकाच्या मानेवर बसून पुरवलं होतं म्हणून. कोरड्या नदीपात्रातून सकाळी दहानंतर चालायचं नाही. आदल्या रात्री चार थेंब जरी पडले, तरी दोन दिवस त्या दगडाला हात लावायचा नाही. ओला झाला की तो बिस्किटासारखा तुटतो. हे तू कुठेच लिहिलेलं नाहीस. मी पोरीला पाठवायला तयार झाले असं मात्र समजू नकोस. चुकीची यादी दिसली की मला राहवत नाही, बाकी काही नाही.

आणि हे शिट्ट्यांचं काय खूळ आहे? ‘हाका नाहीत. एक शिट्टी: धर. दोन: सैल सोड.’ देवाने तोंड कशाला दिलंय?

‘दोराची पिशवी, ताईने शिवलेली’ असंही यादीत आहे. ती अजून आहे तुझ्याकडे? फेकून दे.

खारूचं नाव खोड. तिला माझं कारण सांग, तुझं सांग, काहीही सांग. त्या दिवसाबद्दल मला काही उकरायचं नाही. सांगायचं ते मी तेव्हाच चौकीत सांगितलं आहे.

ताई


ता. १२ फेब्रुवारी, बुधवार

प्रिय चिकट्या,

तुझं पत्र शनिवारी आलं. चार दिवस ते मशीनच्या खणात आहे. काल मी बेकरीवाल्याच्या छपराचं कापड उलट्या बाजूने शिवलं, पट्टे आत आणि मागची बाजू बाहेर. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा. शेजारची बाई हसली, मग माझं तोंड बघून टीप उसवायला बसली.

तू भांडशील असं वाटलं होतं. भांडला असतास तर बरं झालं असतं. उलट तू पाणी सात लिटर केलंस आणि आभार मानलेस. खारूला तू बोलावलं नाहीस, ती आपणहून आली आणि पहिल्या दिवशी ‘मला बाबा चढायचे तसं चढायचंय’ म्हणाली, हेही लिहिलंस. ते मी मान्य करते. लहानपणी कपाटावर चढून बसायची म्हणून तूच तिचं नाव खारू ठेवलंस. चढायची खोड तिच्यात तू घातलेली नाहीस, जन्मतःच होती.

पण त्याच्या पुढचं मला पुन्हा वाचावं लागलं.

तू कानाच्या तीन डॉक्टरांकडे गेलास. तिघेही म्हणाले, कान उत्तम आहेत. मग तू ठरवलंस की बिघाड कानात नसेल तर डोक्यात आहे. लिफ्ट दुरुस्त करताना खालून कुणी काही सांगितलं की तू दोनदा विचारतोस, आणि सोबतचे कारागीर तुला बहिऱ्या म्हणतात. म्हणून शिट्ट्या. म्हणून अकरा वर्षांत तू कुणाचाही दोर हातात घेतला नाहीस. तू लिहिलंस, ‘त्या दिवशी मला स्पष्ट “येतो” ऐकू आलं होतं, ताई. तू म्हणालीस तो “धर” म्हणाला. तू कशाला खोटं बोलशील? म्हणजे माझंच चुकलं.’

चिकट्या, मला वाटत होतं तुला माहीत आहे.

इतकी वर्षं मी हेच धरून बसले होते. चौकीत तू माझ्याकडे पाहिलंस आणि काहीच बोलला नाहीस, तेव्हा मला वाटलं, भाऊ आपल्याला सांभाळून घेतोय. मग तू घरी यायचा थांबलास, तेव्हा वाटलं, रागावलाय, आणि रागावण्याचा त्याला हक्क आहे. तुझा राग मी सहन करू शकत होते. पण तू माझ्यावर विश्वास ठेवला असशील, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

तर आता ऐक. तुझे कान शाबूत आहेत. तो ‘येतो’ म्हणाला. मीसुद्धा ‘येतो’च ऐकलं. ‘धर’ तो म्हणालाच नाही. ते मी रचलं.

सकाळी काय बोलणं झालं होतं ते आठव. तो म्हणाला होता, वर पोचल्यावर मागच्या घळीतून चालत उतरायला वाट दिसली तर तसाच येईन, नाहीतर वरच्या कडीत दोर ओवून खाली सोडा मला. काय ते वर जाऊन बघतो, म्हणाला, आणि ते तसंच अर्धवट राहिलं. मग वरून हाक आली, ‘येतो’. आता आपल्या घरात ‘येतो’ म्हणजे काय? निघालो. ‘जातो’ म्हणायचं नाही, हे आईने दोघांच्या कानाला धरून शिकवलेलं. तू ते ऐकलंस आणि तुला वाटलं, निघाला घळीतून. तू त्याचा दोर तुझ्या कमरेच्या कडीतून सोडवलास. आपल्या घरात वाढलेल्या कुणीही तेच केलं असतं. आणि त्याला म्हणायचं होतं अगदी सरळ, दोरावरून खाली येतो, धर मला. एका शब्दाचे दोन अर्थ, आणि दोन्ही रोजचे.

चौकीतल्या साहेबाने विचारलं, ‘वरून काय ओरडले?’ तू तोंड उघडायच्या आत मी ‘धर’ म्हणून मोकळी झाले. का, ते विचारू नकोस. घाबरले होते. वारा होता, ऊन होतं, चौकीच्या अंगणात त्याला झाकून ठेवलं होतं त्या चादरीचा कोपरा सारखा उडत होता.

सासूबाईंनाही तेच सांगितलं. आईलाही. खारूलाही. एकदा सांगितलं की पुढचं फारसं अवघड जात नाही. आई जाईपर्यंत तुझ्याशी बोलली नाही, तेही माझ्या खात्यात.

आता तुझं तुला परत मिळालं. तेव्हा तो शिट्ट्यांचा कारभार बंद कर आणि खारूचा दोर तू धर. त्या मैत्रिणीला चहा करायला ठेव. नाही, चहाही नको. तिला नुसतं बसू दे.

तुझी ताई


ता. १८ फेब्रुवारी, मंगळवार

प्रिय चिकट्या,

तुझ्या चार ओळी काल मिळाल्या. त्या मला पाठ झाल्या आहेत, तरी पुन्हा लिहून काढते, म्हणजे मला त्यांच्यापासून पळता येणार नाही.

‘ताई, तुझं पत्र वाचून जिन्यात बसून रडलो. पण एक उरतंच. खालून ओ मिळाल्याशिवाय भावोजी कधी पाय सोडत नसत. मी ओ दिली नव्हती असं मला आठवतं. मग ते निघाले कशावर? ओ देऊन मी विसरलो असेन, तर मी कुणाचाच दोर धरता कामा नये.’

तू लहानपणापासून असाच. सगळे खेळ आवरून झाले की तू म्हणायचास, एक गोटी कमी आहे. आणि ती माझ्या मुठीत असायची.

ओ तू दिली नाहीस. मी दिली.

मी कुठे होते ते आठवतंय? कड्याच्या कोपऱ्यापलीकडे, वारा लागू नये म्हणून स्टोव्ह तिकडे मांडला होता. तिथून तू दिसत नव्हतास. पण वरचा काठ दिसत होता. चहाला उकळी येत होती, मी पातेल्यात चमचा फिरवत होते, आणि वरून ‘येतो’ आलं.

बारा वर्षं रोज सकाळी पावणेआठला तो दारात चपला घालायचा आणि म्हणायचा, ‘येतो.’ आणि मी स्वयंपाकघरातून, मागे वळूनसुद्धा न बघता, म्हणायचे, ‘ये.’ हातात लाटणं असो, फोन असो, तोंडात पिन धरलेली असो. आदल्या रात्री भांडण झालेलं असलं तरी. ते बोलणं नव्हतंच रे, श्वास होता.

त्या दिवशीही मी पातेल्यातून नजर वर केली नाही. आणि मोठ्याने म्हटलं, ‘ये.’

माझा आवाज कड्याला लागून वर गेला. तुझ्यापर्यंत आला नाही, त्याच्यापर्यंत पोचला. तो थांबला होता, चिकट्या. नियमाप्रमाणे थांबून ओ मिळण्याची वाट पाहत होता. मी गप्प बसले असते तर त्याने पुन्हा हाक मारली असती, तू ‘काय’ म्हणून ओरडला असतास, आणि दोघांचं बोलणं जुळलं असतं. मी मान वर केली तेव्हा तो पाठमोरा होता. चालत उतरणारा माणूस काठाकडे पाठ करून का उभा आहे, हे माझ्या डोक्यात शिरायच्या आत त्याने अंग मागे टाकलं.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. ‘येतो’ म्हणाला असं चौकीत सांगितलं असतं, तर साहेबाने पुढचा प्रश्न तोच विचारला असता, जो तू अकरा वर्षांनी विचारलास: मग ओ कुणी दिली? तो प्रश्न येऊ नये म्हणून मी हाकच बदलली. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही. मी शोधलं. मुलगी लहान होती, सासूबाई म्हाताऱ्या होत्या, हे सगळं नंतर सुचलेलं. त्या क्षणी मी भ्याले आणि तुला पुढे केलं.

दोराच्या पिशवीवर काय शिवलंय ते तुला माहीत आहे. ‘हाक एकाची, ओ एकाची.’ चढणाऱ्याने हाक द्यायची, दोर धरणाऱ्यानेच ओ द्यायची, तिसऱ्याने तोंड उघडायचं नाही. नियम तुझा, गंमत म्हणून लाल दोऱ्याने शिवला मी. ती पिशवी त्या दिवशी माझ्या पायाशी होती. म्हणून म्हटलं होतं, फेकून दे. तू फेकणार नाहीस हे माहीत होतं.

त्या दिवसापासून मी कुणाला ‘ये’ म्हटलेलं नाही. खारूची नेहमीची तक्रार आहे, आई, तू नुसतं हं का म्हणतेस, मी काय म्हैस आहे का. मी हसून नेते.

काल तुझं पत्र आलं त्याच दुपारी तिलाही सांगितलं. ती जेवणाच्या टेबलावर एका प्लास्टरच्या जबड्याला घासून गुळगुळीत करत होती. सगळं ऐकेपर्यंत तिचा हात चालू होता. मग थांबला.

‘आणि मामाला हे माहीत नव्हतं?’

‘नाही.’

‘अकरा वर्षं?’

मी मान हलवली. ती मला लागेल असं काही बोलेल म्हणून मी वाट पाहत होते. तिने टेबलावरची पांढरी भुकटी हाताने गोळा केली, नीट, एक कण न सांडता, आणि आत निघून गेली.

आज सकाळी तिने चपला घातल्या. मी स्वयंपाकघरात नव्हते, मुद्दाम दारात येऊन उभी राहिले होते. आज ‘ये’ म्हणायचं असं मी ठरवलं होतं, अकरा वर्षांनी, तिच्या डोळ्यांत बघून. तिने पिशवी खांद्याला लावली, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, ‘जाते.’

आपल्यात कुणी असं म्हणत नाही. तिला ते माहीत आहे. आणि ‘जाते’ला ओ नसते. मी दार लावून घेतलं. दुकान उघडायला आज अकरा वाजले.

तंबू दुरुस्त झाला आहे, या पत्राबरोबरच पाठवते. कोपरे उसवून पुन्हा शिवले, तळाला जाड कापड घातलं. खारू अठ्ठावीसला निघेल, मी अडवणार नाही. तिला अडवायचा अधिकार मी कालच घालवून बसले. पण तिचा दोर तू धर. हे मी माफी म्हणून मागत नाही. तिला खाली उभा असलेला असा माणूस हवा, जो एक हाक दोनदा विचारतो. लोक बहिऱ्या म्हणोत. अकरा वर्षं तू जे दुखणं समजत होतास, त्याच्याइतकं भरवशाचं मला दुसरं काही सुचत नाही.

शिट्ट्या राहू देत. मी त्यांना खूळ म्हटलं होतं, ते मागे घेते.

आणखी एक मागणं आहे, आणि ते लिहावं की नाही, इथपर्यंत ठरत नव्हतं. मलाही यायचं आहे. नदीपात्रातलं चालणं गुडघ्याला झेपेल, मी रोज सकाळी टेकडी चढून बघतेय. कड्यापाशी मी स्टोव्ह पेटवणार नाही. कोपऱ्यापलीकडे जाणार नाही. तू सांगशील त्या दगडावर, तुला दिसेन अशी बसेन, आणि ती खाली उतरेपर्यंत तोंड उघडणार नाही. वर बघत राहीन. त्या दिवशी बघायला हवं होतं तसं.

पण हे मी एकटीने ठरवायचं नाही. हाक माझी आहे, ओ तुझी. तू दिली नाहीस, तरी मला कळेल. तुझं उत्तर येईपर्यंत मी पाय उचलणार नाही.

येते.

तू ‘ये’ म्हणेपर्यंत दारातच उभी असलेली,
तुझी ताई